हवामान बदल सांगायचा कसा, म्हणजे गाव कामाला लागेल?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "दुष्काळी तालुक्यातल्या दहा-बारा गावांत आमची छोटी संस्था हवामान बदलावर कार्यक्रम घेते. स्लाइड दाखवतो, तज्ज्ञ बोलतात, लोक शांतपणे ऐकतात, शेवटी शपथ होते, चार रोपं लावली जातात. सहा महिन्यांनी जावं तर काहीच बदललेलं नसतं. आमचं चुकतंय कुठे?"

चुकतंय ते बहुधा पहिल्याच पायरीवर. तुमचा सगळा वेळ हवामान बदलतंय हे पटवण्यात जातो, आणि ते लोकांना केव्हाच पटलेलं आहे. अमेरिकेतलं येल विद्यापीठ आणि सी-व्होटर ही सर्वेक्षण संस्था यांनी 2021 च्या अखेरीपासून 2022 च्या सुरुवातीपर्यंत भारतात एक सर्वेक्षण केलं. जागतिक तापमानवाढ म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितल्यावर 84 टक्के लोकांनी ती होत आहे असं उत्तर दिलं. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने तर 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट अंगावर घेतली आहे, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात तरंगताना पाहिलं आहे. पाऊस बदलला हे त्याला वेगळं सांगायला नको. त्याचा प्रश्न पुढचा असतो: माझ्या शिवारात नेमकं किती बदललं आणि म्हणून यंदा मी वेगळं काय करू? याचं उत्तर कार्यक्रमात मिळालं नाही, तर तो ऐकून घेतो, चहा पितो आणि घरी जातो.

आधी शब्दाचं पाहू, कारण मराठीत घोटाळा तिथूनच सुरू होतो. आजचा दिवस ढगाळ आहे यालाही आपण हवामान म्हणतो आणि तीस वर्षांच्या सरासरीलाही हवामानच म्हणतो. द्राक्षवाल्याला "हवामान बदललं" म्हटलं की डावणी हा रोग आठवतो आणि फवारणीचा पंप आठवतो. म्हणून फलकावर मोठ्या अक्षरात "हवामान बदल" लिहून सुरुवात करू नका. "पावसाचे दिवस कमी झाले, पडतो तेव्हा एकदम पडतो" असं सांगा. हे वाक्य ऐकून माना डोलतात, आणि ते शास्त्रालाही धरून आहे. पुण्याच्या आयआयटीएम (भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था) मधल्या शास्त्रज्ञांच्या 2017 च्या अभ्यासानुसार 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात एकाच वेळी मोठ्या भूभागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. कारण सोपं आहे: हवा एका अंशाने तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते, आणि सोडते तेव्हा जास्त सोडते. "अनुकूलन", "शमन", "कार्बन उदासीनता" हे शब्द प्रकल्प अहवालात राहू द्या.

नक्षत्रांना हसू नका. मृग, आर्द्रा, हस्त ही शेतकऱ्याची दिनदर्शिका आहे आणि त्याच्या पेरणीचे निर्णय तिच्यावर बेतलेले असतात. "मृगात किती पाऊस झाला, त्यातले किती दिवस खरे पावसाचे?" असं विचारलंत तर जुनी माणसं बोलायला लागतात.

पण आठवणीवर थांबू नका. आठवण मोठ्या पावसाची राहते, कोरड्या आठवड्यांची राहत नाही. म्हणून प्रत्येक गावात पर्जन्यमापक असायला हवा, आणि तो गावातल्याच कोणीतरी रोज वाचायला हवा. तयार साधा प्लास्टिकचा मापक चालतो. तो नसेल तर सरळ भिंतीचा, सपाट तळाचा कोणताही डबा घ्या, आत मिलिमीटरची पट्टी उभी धरा; डबा वरपासून खालपर्यंत सारख्याच रुंदीचा असेल तर पाण्याची खोली म्हणजेच पाऊस. शीतपेयाची बाटली कापून केलेल्या मापकात तळ वळणदार असल्याने आकडा चुकतो. तळात खडे टाकून, सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी भरून ती शून्याची रेघ धरावी लागते. मापकाची कड जमिनीपासून साधारण 30 सेंटिमीटर वर हवी, नाहीतर जमिनीवरून उडालेले शिंतोडे आत जातात. जवळची भिंत किंवा झाड जेवढं उंच, त्याच्या दुप्पट तरी अंतर ठेवा. ग्रामपंचायतीच्या छपराखाली पागोळीच्या रांगेत लावलेला मापक काही उपयोगाचा नाही. वाचन रोज सकाळी साडेआठला, कारण हवामान खातंही त्याच वेळी मोजतं, आणि वाचून झाल्यावर डबा रिकामा करायचा. हे शेवटचं सर्वांत जास्त विसरलं जातं.

आकडा कुठे लिहायचा हे मोजण्याइतकंच महत्त्वाचं. ग्रामपंचायतीच्या फलकाकडे कोणी पाहत नाही. दूध संकलन केंद्रावर लिहा: तिथे माणसं दिवसातून दोनदा येतात, रांगेत उभी राहतात आणि आपसात बोलतात. तारीख, कालचा पाऊस, 1 जूनपासूनची बेरीज आणि पावसाचे दिवस, एवढे चारच रकाने. पावसाचा दिवस कशाला म्हणायचं, तर 2.5 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तर. हा हवामान खात्याचाच निकष आहे. ऑगस्ट उजाडेपर्यंत गावाला दिसू लागतं की बेरीज ठीक आहे, पण निम्मा पाऊस तीन-चार दिवसांतच पडून गेला. तुमच्या चाळीस स्लाइड जे सांगत होत्या, ते आता गावाने स्वतः मोजलेलं असतं. महसूल मंडळाच्या महावेध केंद्राचा (स्वयंचलित हवामान केंद्राचा) आकडा शेजारी लिहिलात तर आणखी एक गोष्ट कळते: मंडळात पाऊस झाला तरी आपल्या गावात झाला असेलच असं नाही.

आता मुख्य काम. पाऊस ओसरल्यावर आणि रब्बीची पेरणी ठरण्याआधी, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, पाण्याचा ताळेबंद मांडा. 2 ऑक्टोबरची ग्रामसभा यासाठी नेमकी वेळेवर येते. हिवरे बाजारने 2004 पासून दरवर्षी पाण्याचा हिशेब मांडून पिकं ठरवली आणि सिंचनासाठी बोअर घेणं व ऊस-केळी लावणं बंद ठेवलं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ते उदाहरण नुसतं सांगितलंत तर "तिथे पोपटराव पवार आहेत, आमच्याकडे कोण?" हे उत्तर ठरलेलं आहे. त्यापेक्षा तोच हिशेब तुमच्या गावाच्या आकड्यांनी, गावकऱ्याच्या हातात खडू देऊन करा.

हिशेबाची किल्ली एकच: एका हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर, म्हणजेच एक मोठा टँकर. दुष्काळी भागात टँकर हे सगळ्यांना माहीत असलेलं माप आहे. "दशलक्ष घनमीटर" म्हटलंत तर पहिल्या मिनिटाला माणसं सुटतात. समजा शिवार 1,000 हेक्टर आणि पाऊस 500 मिलिमीटर. गावावर 5 लाख टँकर पाणी पडलं, म्हणजे 500 कोटी लिटर. इथे लोक चकित होतात, "एवढं पाणी गेलं कुठे?" म्हणतात. हाच प्रश्न तुम्हाला त्यांच्या तोंडून हवा असतो. मग सांगा: बरंचसं उडून गेलं, बरंचसं ओढ्याने गेलं, आणि आपल्या काळ्या पाषाणात ढोबळमानाने दहावा हिस्सा मुरला असं धरू. म्हणजे 50,000 टँकर. धरणाचं, कालव्याचं पाणी नसलेल्या गावाची वर्षाची तिजोरी एवढीच.

यातून पहिला खर्च पिण्याचा. 2,000 माणसं, माणशी रोज 55 लिटर, 365 दिवस: साधारण 4,000 टँकर. गुरं 1,000 असतील आणि जनावरामागे रोज 50 लिटर धरले तर आणखी 1,800. उरले 44,000. आता पिकं. पाट पाण्यावरच्या उसाला वर्षाला हेक्टरी 2,000 टँकर सहज लागतात. म्हणजे सगळं उरलेलं पाणी 22 हेक्टर उसात संपतं. तेच पाणी हरभऱ्याला हेक्टरी 300 टँकर या दराने दिलं तर 140 हेक्टरपेक्षा जास्त रान भिजतं. आणि अख्ख्या गावाचं वर्षाचं पिण्याचं पाणी म्हणजे दोन हेक्टर ऊस. हा आकडा फळ्यावर आला की सभेत थोडा वेळ कोणी बोलत नाही. त्या शांततेत तुम्हीही बोलू नका.

त्यानंतर हवामान बदल आणायचा, आधी नाही. "हाच 500 मिलिमीटर पाऊस चाळीस दिवसांऐवजी वीस दिवसांत पडला तर दहावा हिस्सा मुरेल का?" उत्तर लोकच देतात: जमीन एवढ्या वेगाने पाणी पीत नाही, ते वाहून जाणार. म्हणजे पाऊस तेवढाच, पण तिजोरी लहान. ही गोष्ट ज्याला फळ्यावर उमगली, त्याला जगाचं तापमान किती अंशांनी वाढलं हे नंतर सांगितलं तरी चालतं.

इथे दोन गोष्टी बिघडतात. एक, सभेत ऊसवाला बसलेला असतो आणि सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळतात. त्याला गुन्हेगार ठरवलंत तर पुढच्या सभेला तो येणार नाही, आणि त्याच्यासोबत निम्मं गावही येणार नाही. उसाला एफआरपीचा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान दराचा, आधार आहे, हरभऱ्याला बाजारात तशी खात्री मिळत नाही. तो वेडा म्हणून ऊस लावत नाही. हे तुम्ही उघड बोला आणि मग विचारा: ऊस ठिबकवर नेता येईल का, यंदा नवी लागण थांबवता येईल का? दुसरी गोष्ट म्हणजे अचूकतेचा वाद. कोणीतरी हमखास म्हणतो, "मुरतं ते दहा टक्के कशावरून?" खरं आहे, खडक बदलला की आकडा बदलतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून तुमच्या पाणलोटाचा आकडा घ्या, आणि ठरलेल्या पाच-सहा विहिरींची पातळी ऑक्टोबरमध्ये आणि मे महिन्यात मोजा. हिशेब ढोबळ आहे हे आधीच सांगून टाकलंत तर वाद वाढत नाही.

सभेचा शेवट शपथेने करू नका. ठरावाने करा, आणि ठरावात चार गोष्टी असल्याच पाहिजेत: काय करायचं, किती, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत. "पाणी जपून वापरू" हा ठराव नव्हे. "पिण्याच्या विहिरीपासून ठरलेल्या अंतरात यंदा नवं बोअर नाही, वरच्या नाल्यावरच्या दोन बंधाऱ्यांचा गाळ मे अखेर काढायचा, मशीन ग्रामपंचायतीचं, डिझेल लाभार्थ्यांचं" हा ठराव. गणपूर्तीचं पाहून ठेवा: मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, ती बहुतेक ठिकाणी कागदावरच उरकली जाते. ती खरी घ्या, आणि दुपारी घ्या. संध्याकाळी सातला चूल सोडून कोणी येणार नाही. घरात पाणी किती येतं आणि किती लागतं याचा खरा आकडा तिथेच मिळतो. ऑक्टोबरनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचं गाव असेल तर माणसं निघायच्या आत हे सगळं उरकलं पाहिजे.

आता आक्षेप. "दुष्काळ काय आजचा आहे? बाहत्तरचा विसरलात का?" हा प्रश्न येतोच, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. दुष्काळ पूर्वीही पडत होते, हे मान्य करून बोला. एकट्या घटनेवरून काहीच सिद्ध होत नाही. किती वेळा आणि किती जोरात, हे पाहायचं असतं. आणि प्रत्येक संकटाचं खापर हवामान बदलावर फोडू नका. विहीर आटली त्यात पावसाइतकाच शेजारच्या बोअरचा हात असतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला खरा, पण मुंबई बुडाली त्यात मिठी नदीवरच्या अतिक्रमणांचा आणि भरावाचाही वाटा होता. हे तुम्ही आपणहून सांगितलंत तर तुमच्या बाकीच्या बोलण्यावर विश्वास बसतो. लपवलंत तर सभेतला पहिला जाणकार ते उघडं पाडतो, आणि पुढाऱ्यांना "निसर्गापुढे काय करणार?" म्हणायला आयती सोय होते.

कारण विचारलं तर थोडक्यात, पण बरोबर सांगा. ओझोनच्या छिद्राचा तापमानवाढीशी लोक जोडतात तसा संबंध नाही. ही चूक शिक्षकही करतात. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून निघणारा कार्बन डायऑक्साइड पृथ्वीभोवती गोधडीसारखा बसतो. गोधडी स्वतः गरम नसते, अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. कारखाने येण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू 280 भाग होता, आता 420 च्या वर आहे: गोधडी जाड झाली.

लगेच पुढचा प्रश्न येतो: "धूर त्यांनी सोडला, भोगायचं आम्ही?" हो, असंच आहे. भारतात माणशी वर्षाला सुमारे 2 टन कार्बन डायऑक्साइड, अमेरिकेत सुमारे 14 टन. कोरडवाहू शेतकऱ्याचा वाटा भारताच्या सरासरीहूनही कमी. त्याच्यापुढे "आपण सगळेच दोषी आहोत" म्हणणं अन्यायाचं आहे, आणि लोकांना तो बरोबर कळतो. त्याला आधी स्वतःला वाचवायचं आहे, तेच बोला. धूर कमी करण्याची गोष्ट त्याच्या फायद्यातून येऊ द्या: सौर कृषिपंपामुळे रात्री साप-विंचवाच्या भीतीत पाणी द्यायला जावं लागत नाही, ही गोष्ट कोणत्याही हरित घोषणेपेक्षा त्याच्या जवळची आहे.

उन्हाळ्याचं वेगळं बोलायला हवं, कारण तिथे चुकीचा संदेश जिवावर बेततो. "दुपारी 12 ते 3 बाहेर पडू नका" हे रोजंदारीवरच्या माणसाला सांगून काय होणार? तो निर्णय त्याच्या हातात नाही. तो मुकादमाच्या, ठेकेदाराच्या, वीटभट्टीवाल्याच्या हातात आहे. संदेश त्यांच्याकडे गेला पाहिजे, आणि तो असा: काम सकाळी सहाला सुरू, अकराला बंद, पुन्हा चारनंतर, कामावर सावलीचं एक छप्पर, माणशी पुरेसं पाणी. मजुरांना सांगायचं ते वेगळं: बरोबरचा माणूस असंबद्ध बोलू लागला, चालताना झोकांड्या खाऊ लागला, अंग तापलं की 108 ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, ओल्या कपड्याने वारा घाला. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका. घरचं जलसंजीवनीचं प्रमाणही पक्कं सांगा: 1 लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. "चिमूटभर" म्हटलंत की प्रत्येकाची चिमूट वेगळी, आणि मीठ जास्त झालं तर अपाय होतो.

अहमदाबादेत मे 2010 मधल्या उष्म्यात नेहमीपेक्षा 1,344 जास्त मृत्यू झाले. त्यानंतर 2013 मध्ये तिथल्या महापालिकेने जी उष्णता कृती योजना केली, तिची खुबी पोस्टरांत नव्हती. अमुक तापमानाचा अंदाज आला की कोण कोणाला कळवणार आणि कळल्यावर तो माणूस काय करणार, हे आधीच ठरवलेलं होतं. तुमच्या गावापुरतं हेच करा: हवामान खात्याचा नारंगी इशारा आला की आशाताई एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी चक्कर मारेल, सरपंच कामाची वेळ बदलेल. नावं लिहून ठेवा. कोकणात आणखी एक काळजी घ्या. तिथे 37-38 अंश ऐकायला विदर्भापेक्षा कमी वाटतं, पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. किनारपट्टीला उष्णतेच्या लाटेसाठी 37 अंश आणि मैदानी भागाला 40 अंश, असे निकष त्यामुळेच वेगळे आहेत.

पेरणीचा सल्ला हे हवामान बदल सांगण्याचं सर्वांत चांगलं निमित्त आहे, कारण इथे पैसा लगेच दिसतो. "यंदा सरासरीच्या 106 टक्के पाऊस" ही बातमी ऐकून माणूस पहिल्या सरीवर पेरतो. तो अंदाज अख्ख्या देशाचा आणि चारही महिन्यांचा असतो, तुमच्या गटाचा आणि जूनचा नाही, हे मेच्या तिसऱ्या आठवड्यातच सांगा. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा कृषी विभागाचा सल्ला. आणि दूध केंद्रावरचा पावसाचा फलक आता इथे कामाला येतो. जोडीला उगवण चाचणी करून दाखवा: ओल्या गोणपाटावर घरच्या सोयाबीनचे 100 दाणे दहा-दहाच्या रांगेत मांडा, गुंडाळा, ओल टिकवा, सात-आठ दिवसांनी उघडून मोजा. 70 उगवले तर बियाणं चालेल, कमी उगवले तर एकरी जास्त लागेल. हे कृषी सेवा केंद्राच्या दुकानातच करा. शेतकरी सल्ला तिथेच विचारतो, आणि दुकानदाराला सोबत घेतलं नाही तर तो नकळत तुमच्या विरुद्ध सल्ला देत राहतो.

शहरात, हाउसिंग सोसायटीत, हीच रीत वेगळ्या तारखांना. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत होते, तेव्हा छतावरच्या सौर पॅनेलचा विषय ऑगस्टमध्येच कार्यक्रमपत्रिकेवर गेला पाहिजे. सामाईक वीजबिल, 1 किलोवॉटमागे रोजची साधारण 4 युनिट, सावली नसलेली किती जागा आहे, हे एका पानावर मांडा. पर्यावरणावर वेगळं भाषण नको.

कुठलाही संदेश छापण्याआधी पाच जणांना ऐकवा आणि "आता हेच तुमच्या शब्दांत सांगा" म्हणा. दोघांनी उलटं किंवा भलतंच सांगितलं तर चूक संदेशाची आहे, तो पुन्हा लिहा. व्हॉट्सअपवर पत्रक पाठवण्यापेक्षा तीस सेकंदांचा आवाज पाठवा: गावच्या बोलीत, ओळखीच्या माणसाचा, एकच सूचना असलेला. आणि अहवालात उपस्थितीचा आकडा लिहिणं थांबवा. सभेनंतर पंधरा दिवसांनी वीस घरी फोन करा आणि तीनच प्रश्न विचारा: काय ठरलं होतं, तुम्ही त्यातलं काय केलं, आणि नसेल केलं तर कशामुळे अडलं? तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं शब्दशः लिहून घ्या. "डिझेलला पैसे नव्हते", "तलाठ्याने सातबारा दिला नाही", "मला कोणी सांगितलंच नाही, सभेला मुलगा गेला होता". पुढच्या ग्रामसभेची कार्यक्रमपत्रिका याच वाक्यांवरून तयार करा.